टिकटिक वाढली म्हणून फ्लॅशर बदलला, तिथेच चुकलो

आमच्या आप्पांकडे २००५ ची छोटी लाल गाडी आहे, एमएच १९, दोनदा री-पासिंग झालेली. विकायचं नाव काढलं की आप्पा जेवायचं सोडतात म्हणून तो विषय आता घरात कोणी काढत नाही. तर या गाडीचा डावा इंडिकेटर चैत्रात एकदम जोरात टिकटिक करायला लागला. उजवा नेहमीसारखा, टिक... टिक... आणि डावा दिला की टिकटिकटिकटिक, जसं काही मांजर मागे लागलंय. मी दुर्लक्ष केलं. चालू आहे ना, लागतोय ना, मग झालं. आप्पांना मात्र त्या आवाजाचा त्रास व्हायचा, ते म्हणायचे याला ताप आलाय. आप्पा तसेही इंडिकेटरवर विश्वास ठेवणारे नाहीत, इंडिकेटर देऊन वर खिडकीतून हातपण बाहेर काढतात, आणि मी त्यांना चिडवायचो की आप्पा हात दाखवून अवलक्षण कशाला.

एकदा सहज मोबाईलवर सेकंद लावून मोजलं. उजव्या बाजूला १५ सेकंदात २१ वेळा, म्हणजे मिनिटाला ८४. डावीकडे १५ सेकंदात ४२, म्हणजे बरोब्बर डबल, १६८. नियमात मिनिटाला ६० ते १२० असं आहे, म्हणजे उजवा पास आणि डावा नापास. आणखी एक गंमत दिसली, चारी इंडिकेटर एकदम लावले की वेग नॉर्मल व्हायचा. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता पण नाही पडला.

मग एक दिवस जळगावला काम होतं, हायवेला एक ऑटो इलेक्ट्रिशियन दिसला, म्हटलं दाखवून घेऊ. त्याने गाडीत बसून डावा इंडिकेटर दिला, दोन सेकंद ऐकलं आणि म्हणे "फ्लॅशर गेला साहेब". फ्लॅशर म्हणजे इंडिकेटर लाव-विझव करणारा डबा. खाली उतरून गाडीच्या मागे जाऊन बघणं वगैरे काही नाही. डॅशच्या खाली हात घातला, जुना चौकोनी डबा उपसला, नवा लावला, टिकटिक एकदम शांत, दोन्ही बाजूला सारखी. साडेतीनशे रुपये घेतले. जुना फ्लॅशर मी मागून घेतला, कारण आप्पांची शिकवण, काढलेला पार्ट गॅरेजला सोडायचा नाही. सात-आठ मिनिटांत काम झालं म्हणून मी उलट खूश, रस्त्यात एरंडोलला थांबून चहापण घेतला.

तीन महिने सगळं छान. आषाढात धुळ्याहून येत होतो, पारोळ्याला मावशीकडे डबा द्यायचा होता म्हणून हायवेने आलो होतो. तिथून हायवे सोडून अमळनेर रोडला डावीकडे वळायचं. मी इंडिकेटर दिला, आत टिकटिक ऐकू येतेय, डॅशवरचा हिरवा बाण लागतोय-विझतोय, मी आरामात स्लो केली आणि वळवायला घेतली तर मागून ट्रकचा असा काही हॉर्न आला की आईने देवाचं नावच घेतलं. ब्रेकचा आवाज, धूळ, आणि ट्रकवाला माझ्या शेजारी येऊन थांबला आणि वरून म्हणे, "इंडिकेटर द्यायला पैसे पडता का रे भो?" मी म्हटलं अहो दिला ना. तो म्हणे कुठे दिला, उतर आणि मागे बघ. त्याने आणखीही बरंच काही सांगितलं ते इथे लिहित नाही.

उतरून बघितलं. समोरचा चालू, बाजूचा छोटा चालू, मागचा डावा बंद. अगदी बंदही नाही, वाकून काचेत डोळा घातला तर आत बल्बची तार लालसर व्हायची, विडीच्या टोकासारखी. दिवसाउजेडी दोन फुटांवरून सुद्धा कळणार नाही.

म्हणजे तीन महिने मी डावीकडे वळताना मागच्याला काहीच सांगत नव्हतो, आणि आत मात्र मला सगळं ठीक असल्याचं ऐकू येत होतं.

आमच्या गल्लीत जिभाऊ राहतात, एसटीच्या डेपोत वायरिंगला होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण डिक्कीचा आवाज आला की ओट्यावरून उतरून येतातच. कानबाई, म्हणजे आमचा खानदेशातला देवीचा सण, जवळ आली होती. नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा, सगळे भाऊबंद शिरपूरकडच्या गावी जमतात, प्रसादाचे रोट असतात, आणि गाडी न्यायचीच होती. शनिवारी सकाळी रिमझिममध्ये मी डिक्की उघडून बसलो. जिभाऊ आले, "काय करी राहिना?" मी सगळं रामायण सांगितलं, जळगावचं, पारोळ्याचं. त्यांनी नवा फ्लॅशर हातात घेऊन उलटसुलट केला, चष्मा वर करून त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणे, "गाडी बोली राहिंती रे भो, तू तिनं तोंड दाबी दिन्हं."

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. इंडिकेटरचा मोठा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टला तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. एका बाजूला पुढे एक, मागे एक, म्हणजे साडेतीन, आणि बाजूचा ५ वॅटचा धरला की चारच्या जवळपास. आता फ्लॅशर हा नुसता लाव-विझव करणारा डबा नाही, तो किती करंट जातोय तेपण बघत असतो. एक मोठा बल्ब गेला किंवा त्याला करंट मिळेना की एकूण करंट पडतो आणि फ्लॅशर मुद्दाम डबल वेगाने टिकटिक करतो, की बाबा ड्रायव्हर, एक दिवा लागत नाहीये. अगदी जुने फ्लॅशर तर बायमेटल पट्टीचे असायचे, करंटने पट्टी तापायची, वाकायची, कॉन्टॅक्ट सुटायचा, थंड झाली की परत चिकटायची, त्यात बल्ब गेला की उलट बरेचदा लुकलुकणंच मंद व्हायचं किंवा बंद पडायचं. आमचा मूळचा इलेक्ट्रॉनिक आहे, आत छोटा रिले, म्हणजे करंटवर आपोआप उघडझाप करणारा स्विच, आणि त्याला चालवणारी आयसी, म्हणजे चिप. टिकटिक आवाज येतो तो त्या रिलेचाच. हल्लीच्या नव्या गाड्यांमध्ये हा डबा वेगळा नसतोच, कंप्युटरच करतो सगळं आणि आवाज स्पीकरमधून येतो.

आणि चारी इंडिकेटरला वेग नॉर्मल का होता? कारण तेव्हा एक मेला तरी बाकी तिघांचा लोड असतो, फ्लॅशरला कमी वाटत नाही. एवढं साधं.

जळगाववाल्याने जो लावला तो एलईडी बल्बसाठीचा होता. एलईडी मुळातच इतका कमी करंट घेतो की साध्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, म्हणून हा वेगळा प्रकार निघाला जो करंट बघतच नाही, लोड असो नसो एकाच वेगाने चालतो. आमच्या साध्या बल्बच्या गाडीत तो लावला म्हणजे आजार तसाच ठेवून थर्मामीटर फोडल्यासारखं झालं.

आता खरा शोध. जिभाऊंची पद्धत अशी की आधी फ्लॅशर बाजूलाच काढायचा. सॉकेटला तीन पिना असतात, फ्लॅशरवर त्यांची अक्षरं असतात, बी म्हणजे बॅटरीकडून येणारा, एल म्हणजे लाईटकडे जाणारा, ई म्हणजे अर्थ, अर्थिंगचा, करंट गाडीच्या बॉडीतून परत जायचा रस्ता. फ्लॅशर काढून सॉकेटमध्ये बी आणि एल वायरच्या तुकड्याने जोडायचे आणि चावी ऑन करून इंडिकेटर द्यायचा. मग दिवे लुकलुकत नाहीत, सरळ लागून राहतात. सगळे फुल लागले म्हणजे वायरिंग, स्विच, बल्ब सगळं ठीक, दोष फ्लॅशरचा. एखादा लागला नाही तर फ्लॅशरला शिव्या देऊन उपयोग नाही. शिवाय सरळ लागून राहिले की मीटरने मोजता येतं, नाहीतर लुकलुकताना आकडे नुसते नाचतात.

मी डॅशखाली उलटा झोपलो, पाय दाराबाहेर पावसात, तोंडात टॉर्च, आणि वायर घातली ती बी आणि ई मध्ये. फट्ट. फ्यूज उडाला. जिभाऊ बाहेरून काहीच बोलले नाहीत, फक्त शर्टच्या खिशातून एक फ्यूज काढून खिडकीतून आत दिला. म्हणजे त्यांना अंदाज होताच! दुसऱ्यांदा अक्षरं तीनदा वाचून घातली. उजवीकडे तिन्ही दिवे फुल. डावीकडे पुढचा फुल, बाजूचा फुल, मागचा तोच विडीसारखा.

म्हटलं बल्ब. बल्बची जोडी मी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. मागचा बल्ब काढला, बॅटरीला डायरेक्ट लावला तर डोळे दिपतील असा लागला. बल्ब चांगला. पैसे वाया. नवापण होल्डरमध्ये घालून बघितला, तेच.

मग मीटर. इथे मी पक्का फसलो असतो. होल्डरच्या मधल्या टोकाला लाल पिन आणि काळी पिन डिक्कीच्या कुलपाच्या चकचकीत लोखंडाला लावली, १२.२ व्होल्ट. म्हटलं करंट तर येतोय, मग लागत का नाही? जिभाऊ म्हणे काळी पिन होल्डरच्या कडेला लाव. बल्ब आत असताना तशी लावली तर दीडच्या आसपास. आणि होल्डरची कड ते गाडीची बॉडी मोजलं तर साडेदहाच्या वर. तिथे शून्याच्या जवळ यायला पाहिजे होतं, कारण ती कड म्हणजेच अर्थ. येणारा करंट ठीक होता, परत जायला रस्ता नव्हता. "अर्थिंग नई शे," जिभाऊ म्हणे, आणि मला म्हणे आता ब्रेक दाबायला सांग. आप्पांनी ब्रेक दाबला तर डावीकडचा ब्रेक लाईट अंधुक आणि सोबत इंडिकेटरच्या खणातपण हलका उजेड. एका दिव्याचा करंट परतीचा रस्ता शोधत दुसऱ्या दिव्याच्या तारेतून घुसत होता. मागचा लाईट असा एकमेकांत नाचायला लागला की अर्थच बघायचं, हे मी आता कोणालाही झोपेत सांगेन.

डिक्कीचा गालिचा उचलला, टेल लॅम्पच्या मागचे नट काढले, लॅम्प बाहेर घेतला. आत काचेत पाव वाटी पाणी आणि एका कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, पक्कं बांधकाम. रबराचं पॅकिंग कडक होऊन फाटलं होतं. पण खरा गुन्हेगार खाली होता. अर्थची काळी वायर एका गोल थिंबलने, म्हणजे वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीने, बॉडीला स्क्रूने बसवलेली असते, तो स्क्रू काढला तर खाली सगळा लाल रंग. चकचकीत लाल, आपल्या गाडीचाच. दोन वर्षांपूर्वी मागून एका टेम्पोने ठोकलं होतं, तेव्हा डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं, आणि त्या पेंटरने लॅम्प काढून मस्त आतपर्यंत रंग मारला आणि रंगावरच थिंबल ठेवून स्क्रू आवळून दिला. रंगातून अर्थ कसा मिळणार? फक्त स्क्रूच्या आट्यांमधून जो काय मिळत होता त्यावर दोन वर्षं चाललं, मग पाणी आलं, गंज आला, आणि तेवढंही संपलं. थिंबल हातात घेतलं तर हिरवी-पांढरी पूड होऊन निम्मं गळून पडलं.

काम अर्ध्या तासाचं. पॉलिश पेपरने जागा घासली, पांढरं लोखंड दिसेपर्यंत, वायर मागे कापली कारण आतला तांबा काळा पडला होता, काळा भाग संपेपर्यंत सोलली, नवीन थिंबल दाबलं, दातेरी वॉशर टाकून स्क्रू आवळला आणि वरून व्हॅसलिन फासलं. व्हॅसलिन आवळल्यानंतर, आधी नाही. होल्डरच्या आतला गंजपण काढला. कुंभारमाशीचं घर रिकामं होतं, आईने आधी खात्री करून घेतली मगच पाडू दिलं. परत मोजलं तर होल्डरची कड ते बॉडी ०.०५ व्होल्ट. मागचा डावा असा लागला की भिंतीवर पिवळा उजेड पडला.

आता फ्लॅशर. जुना चांगलाच असणार, बिचाऱ्याला फुकट काढला, म्हणून मी तोच परत लावला. दोन्ही बाजूंना छान ८४ च्या आसपास. मी हात धुवायला निघालो तर जिभाऊ म्हणे थांब, चारी इंडिकेटर लावून दहा मिनिटं राहू दे. चहा झाला. सहा-सात मिनिटांनी टिकटिक थांबली आणि चारी दिवे लागून राहिले, विझेचनात. डब्याला टिचकी मारली की परत सुरू, मिनिटभराने परत अडकला. म्हणजे जुनापण खरंच जायला आला होता! झाकण उघडून बघितलं, रिलेचे पॉइंट काळे पडलेले, एकावर खड्डा. चारी दिव्यांना सात अँपिअर जातात त्यामुळे तापला की पॉइंट चिकटत होते. मी म्हटलं पॉलिश पेपर मारू का, आता हातात आहेच. जिभाऊ नको म्हणे, वरचा मुलामा निघून जाईल, दोन महिने चालेल आणि परत चिकटेल, आणि तेव्हा तू घाटात असशील. कन्नड घाटात रात्री गाडी बंद पडून चारी इंडिकेटर लावून बसलेली माणसं मी बघितली आहेत, त्यामुळे वाद घातला नाही.

दुकानात गेलो. दुकानदाराने न विचारता तोच एलईडीवाला काढून दिला, म्हणे हल्ली हाच चालतो, कंप्लेंट येत नाही. कंप्लेंट कशी येईल, तो बोलतच नाही. मी म्हटलं साध्या बल्बचा द्या, त्यावर १२ व्होल्ट आणि २१ वॅट लिहिलेलं पाहिजे, दोन आणि चार बल्बचा. दोन डबे खाली काढायला लावले. एकाच्या पिना सॉकेटमध्ये बसल्या असत्या पण एल आणि ई ची जागा उलटी होती. म्हणून जुना डबा सोबत न्यायचा आणि आकार नाही, अक्षरं जुळवायची, नाहीतर बसतो झकास आणि फ्यूज उडतो. १८० रुपये. घरी येऊन लावला, आणि पहिली टेस्ट म्हणजे मागचा डावा बल्ब मुद्दाम काढून इंडिकेटर दिला. टिकटिकटिकटिक. इतका गोड आवाज. चैत्रात याच आवाजाला मी कंटाळलो होतो. बल्ब परत घातला, वेग खाली आला. मग दहा मिनिटं चारी दिवे, काही अडकलं नाही. जिभाऊंना पैसे विचारले तर म्हणे कानबाईचा रोट आण.

रविवारी गावी गेलो. आप्पा चालवत होते, गावाच्या फाट्यावर इंडिकेटर दिला आणि सवयीने हातपण बाहेर काढला, पावसात. मी काही बोललो नाही.

गावात चुलतभावाने गाडीला एलईडी बल्ब टाकलेले, आणि त्याचे दोन्ही इंडिकेटर सुसाट. मेकॅनिकने त्याला दोन रेझिस्टर लावायला सांगितलेलं. ते लावले तर चालतं, पण ते बल्बएवढाच करंट खातात आणि इतके तापतात की प्लास्टिकला टेकले तर वितळतं. माझ्या डिक्कीत तो जळगावचा फ्लॅशर पडून होता, त्याची खरी जागा हीच. अक्षरं जुळवली, जुळली, लावला, झालं. फक्त त्याला सांगितलं की आता तुझा दिवा गेला तरी गाडी सांगणार नाही, अधूनमधून मागे जाऊन बघावं लागेल. तो म्हणे मी एकटाच असतो, आत बसू का मागे बघू? म्हटलं रात्री गाडी लावताना मागची बाजू भिंतीकडे कर, दोन्हीकडचा इंडिकेटर देऊन आरशात बघ, भिंतीवर पिवळा उजेड पडला की चालू. त्याच्या वाड्याच्या भिंतीला चुना होता, तिथेच लावून बघितलं. उजवीकडे पडला. डावीकडे नाही. रोट वाढायला अजून वेळ होता, त्याला म्हटलं पाना घे आणि डिक्की उघड.